शेडिंग करूनही चेहरा सपाटच दिसतो

प्रश्न : मी फोटो बघून पोर्ट्रेट काढते. नाक-डोळे जागच्या जागी येतात, कोण आहे ते ओळखूही येतं, पण शेडिंग केलं की चेहरा मळकट दिसतो. टिश्यूने घासून स्मूथ केलं तरी उठाव येत नाही. काय करू?

उत्तर : पहिलं म्हणजे ते घासणं बंद करा. घासलं की गडद आणि फिके टोन एकमेकात मिसळतात, सगळीकडे एकच राखाडी उरते आणि तिथेच चेहरा सपाट होतो. आता डोळे बारीक करून फोटोकडे बघा, पापण्या-बिपण्या दिसेनाशा होतात आणि उजेडातला भाग आणि सावलीतला भाग असे दोनच तुकडे राहतात. त्या सावलीची कड हलक्या रेषेने काढून घ्या आणि आतला भाग २बी पेन्सिलने एकाच टोनमध्ये भरून टाका. डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, नाकाखालचा भाग, वरचा ओठ, हनुवटीची गळ्यावर पडलेली सावली, हे पुष्कळदा एकमेकांना जोडलेलं असतं, ते जोडलेलंच राहू द्या. एवढ्यावर माणूस ओळखू यायला हवा, नाही आला तर पुढे जाऊ नका, आधी सावलीचा आकार सुधारा.

मग बारीक टोन. त्वचेपुरतं एक लक्षात ठेवा, सावलीतला सगळ्यात उजळ भागसुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच असतो. जबड्याच्या कडेला खालून परत आलेला उजेड दिसतो ना, तो बहुतेकजण जवळजवळ पांढरा सोडतात आणि सगळा उठाव तिथेच जातो. डोळ्याचा पांढरा भागही कोरा सोडायचा नाही, तो गोल असतो आणि वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडते. कोरा कागद हायलाइटसाठी, म्हणजे सगळ्यात जास्त चमकणाऱ्या जागांसाठी, राखून ठेवा.

आणि फोटो फ्लॅशचा असेल तर तो सरळ बाजूला ठेवा, समोरून उजेड आला की सावल्या चेहऱ्याच्या मागे जातात, मग काढणार काय! त्यापेक्षा आरशासमोर बसा, बाकीचे दिवे बंद करून एकच दिवा बाजूला, डोळ्यांपेक्षा थोडा वर ठेवा. दिवा हळूहळू सरकवत गेलात की सावलीतल्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण उमटतो. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या (१६०६–१६६९) पोर्ट्रेट्समध्ये असा उजेड दिसतो म्हणून फोटोग्राफर अजूनही त्याला रेम्ब्रांट लायटिंगच म्हणतात. सरावाला याच्याइतकं चांगलं काही नाही, माझं तर हे ठाम मत आहे.

प्रश्न : पूर्ण फिगर काढताना मॉडेल हलतं, सावल्या बदलतात, मग कुठली धरायची?

उत्तर : सुरुवातीचीच. छाती अंड्यासारखी, कंबर पेटीसारखी, हातपाय नळकांड्यासारखे धरा आणि कुठली बाजू उजेडाकडून वळलीय तेवढं ठरवा. अंगावर वळत जाणाऱ्या सावलीची कड मऊ ठेवा, पण हाताची पोटावर पडलेली सावली हाताजवळ धारदार काढा, लांब गेली की मऊ. खिडकीच्या उजेडात काम करत असाल तर सावलीच्या कडा बसल्याबसल्या आधी काढून घ्या, नंतर ऊन सरकलं तरी कागदावरच्या कडा हलवायच्या नाहीत.