एमआरआयमध्ये डिस्क बल्ज आणि नस दबल्याचं आलंय, ऑपरेशन करावंच लागेल का?

तुमचं वय ३८, अंबडला कंपनीत काम, डाव्या पायात कळ आणि रिपोर्टात 'एल४-एल५ डिफ्यूज बल्ज, एल५-एस१ ला डावीकडे प्रोट्रुजन, एस१ नर्व्ह रूटवर दाब'. एल आणि एस हे कमरेच्या व त्याखालच्या मणक्यांचे नंबर. बल्ज म्हणजे दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) सगळीकडून थोडी फुगणं, प्रोट्रुजन म्हणजे ती एका बाजूला बाहेर येणं, नर्व्ह रूट म्हणजे तिथून पायाकडे निघणारी नस. एवढ्यावरून ऑपरेशन ठरत नाही.

मी सातपूरला फिजिओथेरपिस्ट आहे. असे कागद रोज बघतो. त्यातला एल४-एल५ चा बल्ज तूर्त बाजूला ठेवा. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे स्कॅन एकत्र तपासणारा एक आढावा २०१५ साली आला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांत बल्ज निघाला होता. 'डेसिकेशन' असेल तर तेही वयाचंच, गादीतलं पाणी कमी झालेलं.

खरी ओळ एस१ ची. ती तुमच्या पायाशी जुळते का ते बघायचं. एस१ दबली की कळ कुल्ल्यातून पोटरीमागे उतरते, तळव्याची बाहेरची कड आणि करंगळी बधिर होते. भिंतीला दोन बोटं टेकवून एकट्या डाव्या पायावर उभं राहा आणि टाच उचला, आठ-दहा वेळा. मग उजव्यावर. डावी टाच अर्ध्यातच खाली येत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. कळ नडगीच्या बाहेरून अंगठ्याकडे जात असेल तर मात्र एल५ नसेचा संशय. ती एल४-एल५ च्या गादीजवळून जाते, म्हणजे बाजूला ठेवलेल्या बल्जकडे पुन्हा बघावं लागेल.

ताकद शाबूत असेल तर बहुतेकांची कळ ६ ते १२ आठवड्यांत बरीच उतरते. बाहेर आलेला भाग पुष्कळदा आपोआप आक्रसतो. तोवर गोळ्या डॉक्टर देतील तशा, झेपेल तेवढं चालणं, वजन उचलणं बंद. महिनाभर झोपून राहू नका. आणि 'गॅप पडलाय, बसवून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती कंबर देऊ नका, कृपा करून.

लघवी अडली, नकळत होऊ लागली, जांघेत-बैठकीत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर रात्र असली तरी त्याच दिवशी स्पाइन सर्जन असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा.

तसं काही नसेल तर ठरलेल्या तारखेला जा, पण फिल्म किंवा सीडी घेऊन. सर्जन चित्रं स्वतः बघतात. ऑपरेशन सुचवलंच तर विचारा, पायाची कळ जाईल की कंबरदुखीही? फायदा मुख्यतः पायाला होतो.