ठासणीच्या बंदुकीत अडकलेली गोळी काढण्यासाठी कोणते वायू-उपकरण घ्यावे?

काटोलकडच्या शेतासाठी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर असलेली तुमची १२ बोअरची टोपीवर चालणारी ठासणीची बंदूक पावसात ओली झाली, टोपी फुटूनही बार उडाला नाही आणि आता काजळीने भरलेल्या नळीत गोळी घट्ट बसली आहे. अशा वेळी वर्कशॉपमधला कंप्रेसर वापरावा, वेल्डिंगवाल्याकडचा सिलिंडर आणावा की कार्बन डायऑक्साइडच्या लहान कुपीवर चालणारा डिस्चार्जर (वायूच्या दाबाने गोळी नळीबाहेर ढकलणारे उपकरण) मागवावा, असे तुम्ही विचारले आहे. माझी निवड डिस्चार्जरची आहे. मात्र त्याचे कारण केवळ त्याचा दाब जास्त असतो एवढेच नाही.

दाबाचा हिशोब आधी पाहू. १२ बोअरच्या नळीचा आतला व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, म्हणजे गोळीमागचे क्षेत्रफळ साधारण २.७ चौरस सेंटिमीटर भरते. गॅरेजमधला कंप्रेसर ८ बार दाबापर्यंत जातो, म्हणजे गोळीवर जास्तीत जास्त २२ किलोचा रेटा मिळतो. ताज्या भरलेल्या आणि सैल गोळीला तो पुरेल, पण काजळी कडक होऊन धरलेल्या गोळीला बहुधा पुरणार नाही. कुपीतला द्रवरूप कार्बन डायऑक्साइड २० अंशांना सुमारे ५७ बार दाब धरतो आणि त्या हिशोबाने रेटा दीडशे किलोपर्यंत जातो. प्रत्यक्षात जोडापाशी गळती होते, त्यामुळे तो कमीच मिळतो. शिवाय १२ ग्रॅमच्या कुपीत मोकळ्या हवेतला साडेसहा लिटर वायू मावतो आणि पाऊण मीटर लांबीच्या तुमच्या नळीची पोकळी जेमतेम २०० मिलिलिटर असते. म्हणजे गोळी तोंडापर्यंत ढकलण्याइतका साठा एका कुपीत असतो.

म्हणूनच खरेदी करताना दाबाच्या आकड्यापेक्षा जोडणीकडे जास्त लक्ष द्यावे. निपलवर (टोपी बसवतात त्या छिद्राच्या बोंडावर) बसणारे रबरी टोक, चकमकीच्या बंदुकीच्या बत्तीछिद्रासाठी निमुळते टोक आणि आधुनिक प्रायमरच्या बंदुकीसाठी वेगळा जोड अशी टोके उपकरणासोबत असतात. त्यांपैकी तुमच्या निपलवर घट्ट बसणारे टोक आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. कुपी आट्यांची आहे की बिनआट्यांची, हेही आधीच विचारून घ्यावे, कारण सायकलच्या दुकानातली कुपी प्रत्येक डिस्चार्जरला चालत नाही.

वेल्डिंगच्या सिलिंडरपैकी ऑक्सिजनचा विचारही करू नये. नळीत तेल असते, कोळसा आणि गंधक असलेली दारू असते, आणि दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला स्वतःहून पेटवू शकतो. एलपीजी आणि ॲसिटिलीन हे तर ज्वलनशीलच वायू आहेत. नायट्रोजन निर्धोक असला, तरी त्याचा भरलेला सिलिंडर १५० बारच्या आसपास असतो, त्यामुळे चांगल्या रेग्युलेटरशिवाय तो बंदुकीला जोडणे धोक्याचे ठरते आणि एका गोळीसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही. (वायू सिलिंडरांचे २०१६चे नियम ५०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यांना लागू होतात आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या केंद्र सरकारी संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे, लहान कुप्या या व्याख्येबाहेर राहतात.)

नागपूरकरांसाठी एक जास्तीची काळजी आहे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रव राहूच शकत नाही आणि त्यापुढे बंद कुपीतला दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत कुप्या ठेवू नयेत.

वापरण्यापूर्वी टोपी काढावी आणि निपलचे छिद्र पितळी तारेने मोकळे करावे, कारण ते काजळीने बंद असेल तर वायू आत न जाता जोडातून तुमच्याच हातावर उलटतो आणि त्याचा थंडावा कातडी भाजल्यासारखी करतो. मग वायू सोडण्याआधी निपलमधून सिरिंजने थोडे पाणी सोडावे. दारूतला सोरा पाण्यात विरघळतो. पण पावसात भिजलेली दारू निकामी झाली असे समजू नये, कारण वाळल्यावर ती पुन्हा पेटू शकते. नळीचे तोंड मोकळ्या जागेत मऊ मातीच्या ढिगाकडे असावे, त्या बाजूला माणूस किंवा जनावर नसावे आणि तोंडाला हात लावू नये. वायूने निघालेली गोळीही जोरातच बाहेर येते. दुसरा बार टाकून अडकलेली गोळी उडवण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली असेल तर नळी फाटते.

रानडुकरे किंवा रोही हुसकावण्यासाठी बहुतेक जण छर्रे भरतात. त्या बाराला मात्र गॅसची गरज क्वचितच पडते. गजाच्या टोकाला लावायच्या स्क्रूने वरचा डट्टा ओढून काढला, की नळीचे तोंड खाली करून छर्रे ओतता येतात आणि मग खालचा डट्टा त्याच स्क्रूने येतो.

बंदूक वारशाने आलेली असेल आणि आतला बार किती वर्षांपूर्वीचा आहे हे सांगता येत नसेल, तर मी डिस्चार्जरही लावणार नाही. गंजून पातळ झालेल्या नळीचा भरवसा नसतो, म्हणून ती बंदूक तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, परवान्यासह, परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावी आणि आत बार असल्याचे दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वीच त्याला सांगावे.