बायोइनऑरगॅनिकमध्ये पीएचडी करायचीये? आधी एवढं बघ

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातच बायोइनऑरगॅनिकमधल्या, म्हणजे धातू आणि सजीव यांच्या रसायनशास्त्रातल्या, पीएचडीचा विचार सुरू केलास, फार बरं झालं. जीवशास्त्र बारावीनंतर सुटलं म्हणून धास्ती घेऊ नकोस. रसायनशास्त्राची बैठक पक्की असेल तर प्रथिनं, पेशी हे सगळं लॅबमध्ये शिकता येतं.

संस्थेच्या नावावर जाऊ नकोस, गाइड बघ. त्यांचे गेल्या तीन-चार वर्षांतले पेपर वाच, त्यांच्या विद्यार्थ्यांशी निवांत बोल. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर फेलोशिप स्वतःची असते, लॅब निवडायला मोकळीक मिळते.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे कॉम्प्लेक्स (धातूला इतर रेणू किंवा आयन जोडून बनवलेलं संयुग) तयार झालं की थेट पेशींवर टाकायचं. आधी

- ते खरंच शुद्ध आहे का,
- बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) दिवसभर टिकतं का,
- कशात विरघळवतोयस,

हे तपास. सिसप्लॅटिनचंच घे. प्लॅटिनमचं कॉम्प्लेक्स, अमेरिकेत 1978 साली मान्यता मिळालेलं कॅन्सरचं औषध. पण डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं की डीएमएसओचं सल्फर प्लॅटिनमला धरतं, क्लोराइड सुटतो आणि औषधाचा जोर जातो. पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं आणि दोन महिन्यांचे आकडे टाकून द्यावे लागले. फार जिवाला लागलं होतं.

यूव्ही-व्हिजिबल (द्रावण कोणता प्रकाश किती शोषतं याची मोजणी) स्वतःच्या हाताने घे. द्रावणाचा रंग पालटला की लगेच वहीत लिही, वेळेसकट. ईपीआर (जोडी नसलेल्या इलेक्ट्रॉनची तपासणी), क्रिस्टलवरून रचना काढणं, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) हे सगळं नंतर बोलू. आत्ता नेटचा अभ्यास लाव आणि दोन-तीन गाइडना मेल टाक.