प्रॉब्लेम्स पॅनलमधली गर्दी

प्रश्न : व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरचं प्रॉब्लेम्स पॅनल, म्हणजे चुका आणि वॉर्निंग्जची यादी, उघडलं की वॉर्निंग्जचा नुसता ढीग दिसतो, त्यातल्या कितीतरी मी न लिहिलेल्या फायलींच्या, माझी एरर त्यात सापडतच नाही. काही करता येईल का?

उत्तर : येईल ना, आणि लगेच करा, कारण एकदा का वॉर्निंग्जकडे बघायचं सोडलं की मग त्या पॅनलचा काही उपयोगच राहत नाही. कंट्रोल-शिफ्ट-एम दाबा, फिल्टरच्या चौकटीत नरसाळ्याचं चिन्ह दिसेल, त्यात 'शो अ‍ॅक्टिव्ह फाइल ओन्ली' निवडलं की फक्त समोरच्या फायलीतलंच दिसतं, माझ्या मते रोजच्या कामाला एवढं पुरतं. एखादा अख्खा फोल्डर वगळायचाय तर चौकटीत आधी उद्गारचिन्ह, मग दोन स्टार, स्लॅश, फोल्डरचं नाव, परत स्लॅश आणि दोन स्टार. यादी टेबलमध्येही बघता येते.

पण फिल्टरने वॉर्निंग फक्त लपते हं, ती मुळात येते ईएसलिंटसारख्या कोड तपासणाऱ्या टूलकडून. एखादा नियम खरंच नको असेल तर त्या टूलच्या कॉन्फिग म्हणजे सेटिंग्जच्या फायलीत तो बंद करा, आणि टीममध्ये असाल तर आधी सगळ्यांना विचारा, कारण ती फाइल सगळ्यांची असते.