त्या गोणीचं काय केलंस?

प्रश्न : मावशी, पुण्याहून पुरातत्त्व विषयात एम.ए. करून वर्ष झालं. तेव्हापासून शहाद्याजवळ आमच्या गावी घरीच आहे. वडील म्हणतात बी.एड. कर, मामा म्हणतात तलाठ्याचा फॉर्म भर. मला पीएच.डी. करायची आहे, पण इथे राहून काय होणार? घरात कुणाला माझ्या विषयाची किंमत नाही. दादाने गावामागच्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती जेसीबीने उकरून पपईच्या शेतात टाकली. त्यातली रंगीत खापरं मी गोणीत भरून ठेवली, तर आई म्हणाली, ‘तुले पुन्याले धाडं व्हतं का खापरं येचाले?’ पावसाच्या आत अजून चार ट्रॉल्या आणायच्या आहेत. मी काय करू?

उत्तर : पोरी, बी.एड. आणि तलाठ्याचं नंतर बघू. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या गोणीपाशी अडले.

एम.ए. झालेली मुलगी खापरं गोणीत भरते? कुठल्या बाजूची, किती खोलीवरची, राखेच्या थरातली की वरच्या भुसभुशीत मातीतली, काही लिहून ठेवलंस? पत्रात तसं अक्षरही नाही. चाळीसगावजवळ पाटण्याला पुरातत्त्वज्ञ साळींना शहामृगाच्या अंड्याचा रेषा कोरलेला तुकडा मिळाला, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. केवढासा तो! पण तो कोणत्या थरातला हे ठाऊक होतं, म्हणून त्याचं वय सांगता आलं. हे तुला मी शिकवायचं?

दादावर राग धरू नकोस. माझ्या माहेरी धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं घर होतं. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की पांढरीची माती आणून धाब्यावर पसरायचे, आणि तिच्यातली चपटी खापरं आम्ही पोरी ठिकरी खेळायला पळवायचो. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची जागा, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुझ्या दादाला तरी कुणी सांगितलं? सांगू शकणारी घरात एकच होती, आणि ती गप्प राहिली.

तुझ्या गावापासून प्रकाशा कितीसं लांब? केदारेश्वराला गेली असशीलच. त्याच गावच्या टेकाडावर १९५५ साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनची, म्हणजे माणूस दगडासोबत तांबं वापरू लागला तेव्हापासूनची वस्ती उजेडात आणली. सावळदा संस्कृतीला नाव मिळालं तेही आपल्या तापीकाठच्या गावावरून. तुझ्या गोणीतलं एक खापर काढ, धू, बोटाच्या पेराने ठोकून बघ. लाल अंगावर काळी नक्षी असेल आणि धातूसारखं टणकन वाजलं तर जोर्वे संस्कृतीचा विचार कर. जाड, चॉकलेटी लेपाचं आणि वर बाण, गळ, मासे रंगवलेले असतील तर सावळद्याचा. सावळद्याचं असेल तर ते भांडं सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचं. आणि तू विचारतेस, इथे राहून काय होणार!

आता ऐक. आज रात्री जेवताना दादाला सांग, ट्रॉली आठ दिवस थांबव. उद्या सकाळी पांढरीवर जा. जेसीबीने जो कडा कापलाय तो तुला आयता मिळालेला छेद आहे. पहिल्या जोरदार पावसात तो ढासळेल. त्याच्या आत तो मोजून कागदावर उतरव. राख कुठे, भाजलेली माती कुठे, चुन्याची जमीन दिसते का, हाडं कोणत्या थरात. शेजारी पट्टी धरून फोटो काढ, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपून घे, सातबाऱ्यावरचा गट नंबर लिही. वर पडलेली खापरं चौकटी आखून वेच, प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाक. फावडं मात्र लावायचं नाही. परवानगीशिवाय उत्खनन कुणालाच करता येत नाही, हे तुला माहीत आहे. गोणीतली खापरं वेगळी ठेव, वर ‘जागा अनिश्चित’ असं प्रामाणिकपणे लिही.

याचं दहा पानी टिपण कर. एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व विभागाला, एक तुझ्या पुण्याच्या सरांना पाठव. मग आजूबाजूच्या दहा-पंधरा गावांच्या पांढरी अशाच पायी फिरून नोंदव. पीएच.डी.चा विषय म्हणतात तो हाच. नेट परीक्षेचा फॉर्म पुरातत्त्व विषयातूनच भर. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर वडिलांपुढे हात पसरावा लागणार नाही. ग्रेटर नोएडाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, त्याच्या जाहिरातीवरही लक्ष ठेव. या क्षेत्रात जागा थोड्या असतात. मुलाखतीला बसशील तेव्हा एम.ए.चा कागद सगळ्यांकडेच असेल, स्वतः नोंदवलेली पांढर तुझ्याकडे असेल.

आईला सांग, हो माय, खापरं वेचायलाच धाडलं होतं तू मला. आणि तिला एक रंगीत खापर हातात दे, त्यावर कुंभाराच्या बोटाचे वळ असतील तर ते दाखव.

उद्या जाताना टेप घे, आणि तिचं दुसरं टोक धरायला दादालाच ने.