याकच्या जनुकीय विविधतेसाठी ४० नमुने पुरतील का?

आपण इंदूरजवळच्या महूला शिकता, अरुणाचलातील याकच्या जनुकीय विविधतेवर प्रबंध करायचा आहे, आणि ४० नमुने पुरतील का व मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतील पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) घ्यावेत की एसएनपी चिप (डीएनएतील हजारो एकाक्षरी बदल एकदम तपासणारी पट्टी), असे विचारता. चाळीस पुरतात, पण ते कोणाचे आहेत हे ठाऊक असेल तरच, आणि नेमक्या याच मुद्द्यावरून माझे माझ्या मार्गदर्शकांशी बिनसले ते आजतागायत.

मीही इंदूरचीच. अरुणाचलातील पश्चिम कामेंग जिल्ह्यात दोन ब्रोक्पा गुराख्यांच्या कळपांतून आम्ही रक्त घेतले. गुराखी तळहातावर मीठ धरून याकला जवळ बोलावी, दोर टाकी, आणि मग मी मानेच्या शिरेतून रक्त काढून, ते गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत भरी. पहिल्या दिवशी बर्फाच्या पेटीतील पाण्याने नळ्यांवरची शाई पुसली गेली, म्हणून पुढे मी चिकटपट्टीवर पेन्सिलीने क्रमांक, कळप आणि आई यांची नोंद करू लागले. कोणत्या याकची आई कोण, हे गुराखी न अडखळता सांगत. मार्गदर्शकांना मात्र ती नोंद निरुपयोगी वाटली.

विषमयुग्मजता, म्हणजे एखाद्या जनुकाची दोन वेगळी रूपे बाळगणाऱ्या प्राण्यांचे प्रमाण, अपेक्षेपेक्षा कमी आली, तेव्हा त्यांनी तत्काळ लिहिले की १९६२ नंतर तिबेटमधून नवे वळू येणे थांबले, म्हणून हे अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातले प्रजनन. ही कहाणी खोटी नाही, परंतु ती इतकी आयती हाताशी असते की आकड्यांकडे पुन्हा कोणी पाहतच नाही. ज्यांची ॲलील-वारंवारता (जनुकाच्या निरनिराळ्या रूपांचे प्रमाण) भिन्न आहे असे दोन कळप एकत्र मोजले, तर प्रत्येक कळपात प्रजनन यादृच्छिक असले तरी एकूण हिशेबात विषमयुग्मजांची तूट दिसते. यालाच वालुंड परिणाम म्हणतात. रामबागेतील घरी एका रात्रीत मी कळप वेगळे करून हिशेब मांडला आणि तूट बरीचशी ओसरली. ‘आता मांडणी बदलायला वेळ नाही,’ असे उत्तर मिळाले, आणि प्रबंध तसाच माझ्या नावावर गेला.

तेव्हा कळप आणि आई लिहून ठेवा, जवळची नाती गाळा आणि हिशेब कळपवार करा. मार्गदर्शक नको म्हणाले तरीही. गोवंशाची चिप मी घेणार नाही, कारण गाईत बदलणारी ठिकाणेच तिच्यावर निवडलेली असतात आणि त्यामुळे याकमधील विविधता उगीच कमी दिसते. अर्थात मायक्रोसॅटेलाइटही बहुधा गाईचेच वापरले जातात, आणि प्रायमर (डीएनएच्या हव्या त्या भागाच्या प्रती काढायला वापरलेला छोटा तुकडा) नीट न बसल्यास एखादे ॲलील दिसतच नाही. माझ्या उरलेल्या तुटीत त्याचाही वाटा असू शकेल.

विविधता जास्त आली तरी लगेच आनंदू नका. याक आणि गाय यांच्या संकरातील पहिल्या पिढीचे नर वंध्य असतात, पण मादी, म्हणजे झोमो, प्रजननक्षम असते, आणि तिच्यामार्फत गाईचे जनुक कळपात उतरतात. संकराच्या मूळ जोडीत आई गाय असेल, तर फक्त आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए ते उघड करतो. बाप गोवंशाचा असेल तर हा डीएनए गप्प राहतो, आणि मग पुन्हा गुराख्यालाच विचारावे लागते.