दुकानात सफरचंदं मिळत असताना बागेत जाऊन तोडायची कशाला? आणि जायचं तर कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बॉस्टनजवळ नुकतेच राहायला आलात, मुलं ४ आणि ९ वर्षांची, सासू-सासरे पुण्याहून यायचेत पण तिकिटं अजून ठरायचीत. ऑफिसात जो तो ‘ॲपल पिकिंगला जा’ म्हणतो. आपणच पैसे मोजायचे आणि आपणच तोडायची, यात काय आहे? गेलो तर कधी आणि कुठे?

जा. आणि सासू-सासऱ्यांना घेऊनच जा. मी मूळची रत्नागिरीकडची, १४ वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, आणि एखाद-दुसरं वर्ष सोडलं तर आमचा सप्टेंबर या बागांशिवाय गेलेला नाही.

दुकानातलं सफरचंद पुष्कळदा मागच्या हंगामातलं असतं. थंड कोठारात हवेतला ऑक्सिजन कमी करून ठेवलं की फळाचं पिकणं जवळजवळ थांबतं, आणि काही जाती वर्षभरसुद्धा टिकतात. ते काही वाईट फळ नव्हे. पण झाडावरून आत्ता उतरवलेलं मॅकिंटॉश जातीचं सफरचंद दातांखाली तडकतं, रस हनुवटीवर येतो, आणि त्याला एक वास असतो, फुलाच्या जवळ जाणारा. तो वास कोठारातून बाहेर येईपर्यंत उरत नाही. शिवाय दुकानात त्याच जाती येतात ज्या प्रवास आणि साठवण सोसतात. मकाउन नावाची एक जात आहे, बाहेरून काळपट लाल, आतून पांढरीशुभ्र. ती पिकली की पटापट गळते आणि फार टिकत नाही, म्हणून दुकानदार तिच्या फारसे वाटेला जात नाहीत. माझ्या मते न्यू इंग्लंडचं, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या या राज्यांचं, सगळ्यात चांगलं सफरचंद तेच, आणि ते खायला बागेतच जावं लागतं.

म्हणून माझा सल्ला असा की तारखेआधी जात ठरवा. आपण आंब्याला जसं ‘पायरी आली का, हापूस कधी’ विचारतो तसंच. बॉस्टनच्या आसपास सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मॅकिंटॉश, गाला, हनीक्रिस्प सुरू होतात. महिन्याच्या मध्यानंतर कॉर्टलंड, मग मकाउन आणि एम्पायर. ऑक्टोबर लागला की गोल्डन डिलिशस, आणि अगदी शेवटी मुत्सू, फुजी. हवेप्रमाणे हे आठवडाभर मागेपुढे होतं. सासू-सासरे सप्टेंबरच्या अखेरीस आले तर उत्तमच, त्या दिवसांत कॉर्टलंड आणि मकाउन दोन्ही झाडावर असतात आणि ऊनही कोवळं असतं.

माझे बाबा ७३ वर्षांचे असताना आले होते. गुडघे दुखत होते, ‘मी गाडीतच बसतो’ म्हणाले. मी ओढूनच नेलं. बागेत शिरल्या शिरल्या ते थांबले, कारण फळं त्यांच्या खांद्याच्या उंचीवर. आंब्याच्या माणसाला झाड म्हणजे शिडी, दोर आणि वर चढलेला गडी. इथे ठेंगण्या खुंटावर कलम बांधतात, त्यामुळे झाड फार वाढत नाही आणि चार वर्षांच्या मुलाच्या हातालाही फळ लागतं. मग त्यांची नजर कडेला टेकवलेल्या लांब काठीकडे गेली. टोकाला तारेची टोपली, टोपलीला वाकवलेली बोटं. ‘अगं, हा तर आपला आंबे उतरवायचा झेला!’ म्हणाले आणि काठी हातात घेतली. पुढचा दीड तास गुडघ्यांचं नाव निघालं नाही. नातीला शेंड्यावरची फळं उतरवून देत होते आणि प्रत्येक फळाला देठ आहे ना, हे बघत होते. आंब्याला देठ राहिला नाही तर चीक लागून साल काळी पडते. सफरचंदाला चीक नसतो, पण देठ उपटला गेला की तिथूनच ते सडायला लागतं, म्हणजे सवय अगदी बरोबर होती.

त्या दिवशी कलमांवरून आमचं बरंच बोलणं झालं. हापूसची बाठ लावून हापूस येत नाही, तसंच सफरचंदाचं आहे. प्रत्येक बी वेगळं झाड देते, आपल्या रायवळ आंब्यासारखं. मॅकिंटॉश हे मुळात असंच एक रायवळ. जॉन मॅकिंटॉश नावाच्या शेतकऱ्याला १८११ च्या सुमारास कॅनडात, ऑन्टारिओमध्ये, रान साफ करताना ते रोप सापडलं. आज जगात जेवढी मॅकिंटॉशची झाडं आहेत ती सगळी त्या एका झाडाची कलमं, कलमांची कलमं. कॉर्टलंड आणि मकाउन या दोन्ही जाती न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाच्या प्रयोग केंद्रात याच मॅकिंटॉशचा संकर करून तयार झाल्या. अमेरिकन मुलांना सफरचंदाची झाडं लावत फिरणाऱ्या जॉनी ॲपलसीडची गोष्ट शाळेत सांगतात, तो खरा माणूस होता. जॉन चॅपमन, जन्म १७७४, आणि गाव लेमिन्स्टर, म्हणजे या बागांपासून अगदी जवळ. तो कलमं करायचा नाही, बियाच लावत गेला. तुमच्या ९ वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला हे जाताना गाडीत सांगा, सासऱ्यांना आवडेल तेवढंच तिलाही किंवा त्यालाही आवडेल.

तोडायची पद्धत मुलांना पहिल्याच झाडापाशी दाखवा. फळ तळहातात धरायचं, खाली ओढायचं नाही. तळ आभाळाकडे वळेल असं वर उचलायचं आणि किंचित पिळायचं. तयार असेल तर टक् करून सुटतं. सुटत नसेल तर सोडून द्यायचं, ते अजून झाडाचं आहे. हिसका दिला की फांदी हलते, शेजारची चार फळं खाली पडतात, आणि देठाच्या बुडाशी जी छोटी जाड गाठ असते ती तुटून येते. पुढच्या वर्षीचा बहर तिथूनच येणार असतो. लाल रंगावर जाऊ नका, ऊन लागलेली बाजू लवकर लाल होते. लालीच्या मागचा हिरवा रंग पिवळसर झाला का ते बघा. शंका आली तर एक कापून बघा, बिया तपकिरी झालेल्या हव्यात.

कुठे, तर बॉस्टनहून पश्चिमेला तासाभराच्या आत स्टो, बोल्टन आणि हार्वर्ड ही गावं आहेत (हे हार्वर्ड म्हणजे गाव, विद्यापीठ नव्हे). तिन्हींत बागा आहेत. स्टोमधल्या हनी पॉट हिलला झुडपांचा भुलभुलैया आहे, ९ वर्षांचं मूल तिथे रमेल. पण मोठ्या बागेपेक्षा लहान बाग निवडा असं मी म्हणेन, आजी-आजोबा बरोबर असताना गाडीपासून झाडापर्यंतचं अंतर महत्त्वाचं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची सुट्टी असते, तो शनिवार-रविवार टाळाच. पहिल्या वर्षी आम्ही नेमके तेव्हा गेलो. सव्वा तास गाड्यांच्या रांगेत, धाकटी रडून झोपलेली, आणि आत गेल्यावर हाताच्या उंचीवर एकही फळ नाही. मी अक्षरशः रडकुंडीला आले होते. तेव्हापासून आम्ही मधल्या वारी रजा टाकून जातो, नाहीतर रविवारी बाग उघडते त्या वेळी दारात. निघण्याआधी फोन किंवा वेबसाइट बघायचीच. काही ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं, काही ठिकाणी आत जायलाच पिशवी विकत घ्यावी लागते. कधी कधी निसर्गच नाही म्हणतो. १८ मे २०२३ च्या पहाटे इथे उशिराची कडाक्याची थंडी पडली आणि न्यू इंग्लंडमधल्या अनेक बागांचा त्या वर्षीचा बहर गेला. आंब्याचा मोहोर जळालेला ज्याने पाहिलाय त्याला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पायांत मोजे आणि बंद बूट. गवतात टिक म्हणजे गोचिडी असतात, त्यांच्यामुळे लाइमचा आजार होतो. घरी आल्यावर मुलांच्या कानांमागे, काखेत, गुडघ्यामागे नीट बघा. खाली पडलेल्या फळांवर गांधीलमाशा बसतात, धाकट्याला तिथे अनवाणी सोडू नका. पडलेली फळं पिशवीतही घेऊ नका.

काही रांगांत कामगार तोडत असतात. न्यू इंग्लंडच्या पुष्कळ बागांत ही माणसं दरवर्षी जमैकाहून हंगामी व्हिसावर येतात. छातीशी बादली बांधलेली असते, तिचा तळ कापडाचा. भरली की मोठ्या पेटीत वाकून तळ सोडतात आणि फळं अंडी ठेवावीत तशी अलगद उतरतात. मुलांना दोन मिनिटं उभं राहून ते बघू द्या.

पिशवी मात्र लहान घ्या. अर्ध्या बुशेलच्या पिशवीत साधारण २० पौंड, म्हणजे ९ किलो मावतात, आणि पहिल्यांदा सगळेच तीच घेतात. घरी आणल्यावर न धुता फ्रिजमध्ये ठेवा. मॅकिंटॉश शिजवलं की त्याचा लगदा होतो, म्हणून ते शिऱ्यात घाला. साखरांब्याला कॉर्टलंड, फोडी अखंड राहतात. कॉर्टलंड चिरल्यावर लवकर काळंही पडत नाही, मुलांच्या डब्याला बरं. आई त्याची दही आणि मोहरीची फोडणी घालून कोशिंबीर करायची, वरून थोडी मिरची. तुमच्या सासूबाईंना एवढं सांगितलंत तर पुढचं त्याच करतील.

आणि तिकिटं पुढे गेली, ते १५ ऑक्टोबरनंतर आले, तर मॅकिंटॉशचा नाद सोडा. त्या वेळी मुत्सू बघा. हिरवट-पिवळं, मुठीत न मावणारं, किंचित आंबट. बहुतेक लोक ‘लाल नाही’ म्हणून पुढे जातात आणि झाडं भरलेली राहतात. शेंड्यावरची तेवढी सासऱ्यांसाठी ठेवा, झेला त्यांच्या हातात द्या.